पत्ता एकच ठरवा, आणि आमचा आम्हाला ठरवू द्या

प्रति,
पॅकेट रेडिओवर मेलबॉक्स चालवणारे देशोदेशीचे सिसॉप,
मेलबॉक्सची सॉफ्टवेअर लिहिणारे आणि सांभाळणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक,
आणि हौशी रेडिओच्या राष्ट्रीय व विभागीय संघटनांचे पदाधिकारी यांना

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीनं आयुष्यातला पहिला पॅकेट संदेश परदेशी पाठवला. पॉलिटेक्निकला जाणारी मुलगी, व्हीयू३ कॉलसाइन (लायसन्ससोबत मिळणारी रेडिओवरची ओळख) नुकतंच हातात पडलेलं. संदेश होता पोर्तुगालमधल्या एका वयस्क हॅमना. त्यांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर लिहिलं. ते उत्तर नाशिकला पोचायला एकेचाळीस दिवस लागले, आणि मधल्या काळात ते इंडोनेशियात जाऊन पडलं होतं.

कारण होतं पत्त्यातल्या खुणांचा गोंधळ. याबद्दल मी फॉरवर्डिंगमधल्या, म्हणजे संदेश एका मेलबॉक्सातून दुसऱ्यात पुढे पाठवणाऱ्या, सोबत्यांना सविस्तर लिहिलं. चर्चा बरीच झाली. शेवटी ठरलं ते असं, की जुने पत्ते, नवे पत्ते, दोन अक्षरी, चार अक्षरी, ज्याचं जे चाललं आहे ते चालू द्यावं. प्रत्येक सिसॉपनं आपल्यापुरतं बघावं. मला हे मान्य नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. ते तुम्हाला उद्देशून आहे, पण रेडिओशी संबंध नसलेल्या मराठी वाचकांनीही वाचावं अशी इच्छा आहे. ज्यानं कधी आंतरदेशीय पत्रावर पिनकोडचे सहा चौकोन भरले आहेत, त्याला हा प्रश्न कळायला अडचण नाही. पत्त्यांमधली रोमन अक्षरं मी इथे उच्चाराप्रमाणे, एकेक अक्षर सुटं करून लिहिली आहेत.

मी नाशिकरोडला राहतो. गच्चीवर एक डायपोल आणि व्हीएचएफची एक उभी अँटेना, खाली जिन्याजवळच्या खोलीत ट्रान्सीव्हर आणि मेलबॉक्स. १९९१ पासून लायसन्स आहे. पहिला मोडेम टीसीएम३१०५ ही चिप घालून स्वतः सोल्डर केला होता, त्याला बेकॉम म्हणत. आता तेच काम रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आणि साउंडकार्ड करतं. पण खोली तीच आहे, आणि रात्री लिंक लागली की टीव्ही सोडून स्क्रीनकडे बघत बसायची सवयही तीच.

पॅकेट म्हणजे काय, ते थोडक्यात. मजकुराचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं कॉलसाइन घालायचं आणि रेडिओवरून सोडायचे. पलीकडचं स्टेशन तुकडा धड आला का ते तपासतं, बिघडला असेल तर पुन्हा मागतं. १९७८ मध्ये कॅनडात माँट्रियलच्या हॅमांनी हे करून दाखवलं. १९८४ मध्ये एएक्स.२५ या नियमांची दुसरी आवृत्ती छापून आली आणि त्यानंतर कुठलंही स्टेशन कुठल्याही स्टेशनशी बोलू शकलं. वेग व्हीएचएफ या जवळच्या पल्ल्याच्या लहरींवर १२०० बॉड, लांब जाणाऱ्या एचएफवर ३००. तीनशे बॉड म्हणजे सेकंदाला फार तर सदतीस अक्षरं, तीही बँड स्वच्छ असेल आणि एकही तुकडा पुन्हा मागावा लागला नाही तर. या वेगानं समुद्र ओलांडलेलं एक पानभर पत्र चुकीच्या देशात जातं, तेव्हा नुसता उशीर होत नाही. कुणीतरी रात्रभर जागं ठेवलेली लिंक वाया जाते.

मेलबॉक्स, म्हणजे बीबीएस, हे या वाटेवरचे टपालघर. नाशिकचा संदेश युरोपात जाताना अशा आठ-दहा मेलबॉक्सांतून जातो. प्रत्येक मेलबॉक्स संदेशाच्या डोक्यावर 'आर' अक्षरानं सुरू होणारी एक ओळ लिहितो: तारीख, वेळ आणि स्वतःचा पत्ता. या ओळी खालून वर वाचल्या की पत्र कुठून कुठे गेलं ते कळतं, जसं पूर्वी पाकिटामागच्या शिक्क्यांवरून कळायचं.

शिक्क्यांचं सांगतो, कारण ते माझ्या घरातलं आहे. माझे वडील, अण्णा, आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते, मनमाडला. रात्रीच्या गाडीचा डबा, दोन्ही बाजूंना लाकडी खण, मधे उभे राहून ते पत्रं टाकत जायचे. गाडी हलायची, हात चुकायचा नाही. आमच्या गावात देशाची टपाल तिकिटं छापली जातात, याचा नाशिकरोडच्या प्रत्येक घरासारखा आमच्याही घरात अभिमान होता. पण अण्णा म्हणायचे, तिकिटानं पत्र निघतं, पोचतं ते पत्त्यानं. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी माणूस, संस्कृतचे कवी. त्यांच्याबद्दल अण्णा देवाबद्दल बोलावं तसं बोलत. त्याआधी नुसतं 'पिंपळगाव' लिहिलेलं पत्र हातात आलं की खण कुठला ते कळायचं नाही. महाराष्ट्रात पिंपळगावं किती आहेत ते आपल्याला माहीत आहे. आणि पत्ता मराठीत, उर्दूत, गुजरातीत, कसाही असे. पिनकोडनं एका फटक्यात ते मिटवलं. पहिला आकडा ४ म्हणजे पश्चिमेचा विभाग, ४२ म्हणजे त्यातला आपल्याकडचा भाग, ४२२ म्हणजे नाशिक. मद्रासच्या सॉर्टरला नाशिक कुठे आहे हे ठाऊक नसलं तरी चालायचं. त्याला पहिला आकडा पुरायचा.

पॅकेटचा उतरंडीचा पत्ता हा हुबेहूब असाच आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतल्या काही सिसॉपांनी तो मांडला. त्याआधी संदेशावर फक्त मेलबॉक्सचं कॉलसाइन असे, म्हणजे प्रत्येक मेलबॉक्सला जगातल्या सगळ्या मेलबॉक्सांची यादी बाळगावी लागे. नव्या पद्धतीत कॉलसाइनच्या पुढे टिंब देऊन आधी प्रांत किंवा त्याचा भाग, मग देश, मग खंड. मेलबॉक्स डावीकडून वाचत जातो आणि जो पहिला शब्द त्याच्या तक्त्यात सापडतो, त्याप्रमाणे पत्र पुढे ढकलतो. कॉलसाइन ओळखीचं नाही? प्रांत बघ. प्रांत नाही? देश बघ. देशही नाही? मग खंड. मी १९९२ च्या सुमारास हे अण्णांना कागदावर काढून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ कागद बघत राहिले आणि म्हणाले, "हे आमचंच काम की रे."

म्हणजे आराखडा चांगला आहे. माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाही. आराखडा करून तीन दशकं उलटली तरी शेवटच्या दोन खणांवर काय लिहायचं, हे आपण सर्वांनी मिळून एकदाही पक्कं केलेलं नाही, ही माझी तक्रार आहे.

देशाचा खण त्यातल्या त्यात बरा आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३१६६, पहिली आवृत्ती १९७४ ची, त्यातली तीन अक्षरी खूण घ्यायची असं ठरलं. भारत म्हणजे आयएनडी. तीनच अक्षरं का, दोन का नाहीत, हे नव्या सिसॉपांना वारंवार सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगतो. दोन अक्षरी खुणांत सीए म्हणजे कॅनडा, आणि सीए म्हणजेच कॅलिफोर्निया. आयएन म्हणजे भारत, आणि अमेरिकेतलं इंडियाना राज्यसुद्धा आयएन. आपल्या राज्यांचं बघा. गाड्यांच्या नंबरप्लेटवर रोज दिसणारं एमएच ही मार्शल बेटांची दोन अक्षरी खूण आहे. गोव्याचं जीए म्हणजे गॅबॉन, आणि अमेरिकेतलं जॉर्जियाही. तमिळनाडूचं टीएन म्हणजे ट्युनिशिया आणि टेनेसी. उत्तराखंडचं यूके वाचून कुणाला काय वाटेल ते सांगायलाच नको. यावर उपायही मूळ आराखड्यात आहे: देशाच्या आतल्या खुणेआधी # हे चिन्ह लावायचं. #एमएच लिहिलं की ते महाराष्ट्र, कारण ते आयएनडीच्या डावीकडे आहे. जपानच्या हॅमांना आपले विभाग आकड्यांनी लिहायचे होते. ते आकडे अमेरिकेच्या झिप कोडशी गोंधळ करतील म्हणून त्यांनाही # लावावं लागलं. आपण पिनकोड तसाच वापरला असता तर ४२ नं सुरू होणारं नाशिकचं पत्र थेट केंटकीला गेलं असतं. तिथले झिपही ४२ नं सुरू होतात.

खरा गोंधळ खंडाच्या खणात आहे. सुरुवातीला दोन अक्षरं होती: ईयू, एनए, एसए, एएस. पण एनए ही नामिबियाची खूण, एसए सौदी अरेबियाची, एएस अमेरिकन सामोआची, एएफ अफगाणिस्तानची. म्हणून चार अक्षरी खुणा सुचवल्या गेल्या: युरोपला ईयूआरओ, उत्तर अमेरिकेला एनओएएम, आशियाला एएसआयए, मध्यपूर्वेला एमडीएलई, आग्नेय आशियाला एसईएएस, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला एयूएनझेड. बदल शहाणपणाचा होता. पण तो कुणी सक्तीचा केला नाही, जुना कधी बंद होणार याची तारीख कुणी दिली नाही. आज एकाच देशातला एक मेलबॉक्स स्वतःला ईयू म्हणवतो आणि त्याच्या शेजारचा ईयूआरओ. काही सॉफ्टवेअर दोन्ही एकच मानतं, काही मानत नाही.

आणि आपण? आपल्यासाठी त्या यादीत आणखी एक खूण होती, हिंदी महासागर आणि भारतीय उपखंड मिळून: आयएनडीआय. आता या ओळीवर जरा थांबा. देश आयएनडी. खंड आयएनडीआय. एका अक्षराचा फरक. जो सिसॉप आयुष्यात एकदाच भारताचं पत्र बघतो, त्याला 'आयएनडी.आयएनडीआय' हे लिहिणाऱ्याचा हात अडखळल्यासारखं दिसतं. त्यात इंडोनेशियाची तीन अक्षरी खूण आहे आयडीएन. म्हणजे तीच तीन अक्षरं, दोन जागा बदलून. जगात तीन प्रकारचे तक्ते आहेत: भारताला एएसमध्ये टाकणारे, एएसआयएमध्ये टाकणारे आणि आयएनडीआयमध्ये टाकणारे. माझ्याकडे आलेल्या पत्रांवर मी तिन्ही बघितले आहेत. एका महिन्यात.

त्या मुलीच्या उत्तराचं नेमकं काय झालं ते आता सांगतो. पोर्तुगालच्या गृहस्थांनी पत्ता बरोबर लिहिला होता, तिच्या संदेशावर होता तसाच: #एमएच.आयएनडी.आयएनडीआय. तेव्हा माझा मेलबॉक्स तोच पत्ता वापरत होता, कारण मला शिकवणाऱ्यांनी तोच शिकवला होता. चार मेलबॉक्सांपर्यंत पत्र सुरळीत गेलं. पाचव्याच्या तक्त्यात ना आयएनडी होतं ना आयएनडीआय. पत्र तिथे एकोणीस दिवस पडून राहिलं. मग तिथल्या सिसॉपनं, सद्हेतूनंच, ते हातानं 'दुरुस्त' केलं: आयडीएन.एएसआयए. ते कोण, कुठले, ते मी सांगणार नाही. त्यांनी मदतच करायचा प्रयत्न केला होता. पत्र इंडोनेशियाला गेलं. तिथल्या सिसॉपनं कॉलसाइन बघितलं, व्हीयू म्हणजे भारत हे ओळखलं, पत्ता परत पूर्वीसारखा केला, वर दोन ओळींची टीप लिहिली आणि वेगळ्या वाटेनं पाठवून दिलं. त्या अनोळखी माणसाचे आभार मी मानले आहेत, इथेही मानतो.

मी आणि ती मुलगी, आम्ही दोघांनी बसून 'आर'च्या अकरा ओळी खालून वर वाचल्या. तिनं वहीत प्रत्येक मेलबॉक्सचा देश लिहिला, शेजारी तारीख लिहिली. पाचव्या आणि सहाव्या ओळीत एकोणीस दिवसांचं अंतर दिसलं तेव्हा ती म्हणाली, "सर, म्हणजे मी पंधरा दिवस वाट बघून त्यांना विसरले, आणि ते पत्र तेव्हा वाटेतच होतं." तिनं उत्तराची आशा सोडली होती. मला वाटलं होतं आजोबांना वेळ झाला नसेल, आणि मीच तिला तसं सांगितलंही होतं. ज्या माणसानं दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं त्याच्याबद्दल मी असं बोललो, हे मला फार लागलं. एखाद्या नव्या मुलाला या छंदात आणायला दोन-दोन वर्षं लागतात: परीक्षेची तयारी, अर्ज, लायसन्सची वाट, जुना सेट मिळवणं. आणि मग पहिलंच पत्र आपण असं हरवतो.

अण्णांनी मला एक गोष्ट लहानपणीच सांगितली होती. सॉर्टरला खण कळला नाही तर त्यानं पत्र बाजूला ठेवावं, वरिष्ठाला विचारावं. अंदाजानं खणात टाकू नये, कारण चुकीच्या खणातलं पत्र शोधायला कुणी जात नाही; सगळ्यांना वाटतं ते गेलं. पॅकेटवर आपण नेमकं तेच करतो आहोत, आणि त्याला सोय म्हणतो आहोत.

काहींनी मला सुचवलं, की अक्षरांच्या खुणा सोडाव्यात आणि मेडनहेड लोकेटर वापरावा. पृथ्वीचे आखलेले चौकोन, प्रत्येकाला अक्षरं-आकड्यांचं नाव, त्यात वाद कसला? लोकेटर मला आवडतो, पण तो पत्ता होऊ शकत नाही. आमचंच शहर घ्या. वीस अंश उत्तर अक्षांश नाशिकच्या मधोमध जातो. रामकुंड त्याच्या उत्तरेला, एमएल६० मध्ये. माझं घर, रेल्वे स्टेशन, सगळं नाशिकरोड दक्षिणेला, एमके६९ मध्ये. एका महापालिकेचे दोन चौकोन, आणि पहिल्या दोन अक्षरांपासूनच वेगळे. चौकोनाला राज्य माहीत नसतं, तिथे कोणाची लिंक कोणाशी आहे हे माहीत नसतं. अंतर मोजायला तो उत्तम.

दुसरं एक उत्तर मला मिळालं ते जास्त वाईट वाटण्यासारखं होतं: भारतात मेलबॉक्स आहेतच किती, त्यांच्यासाठी जगानं तक्ता कशाला बदलावा? कमी आहेत, खरं आहे. पण ज्या देशात मेलबॉक्स भरपूर आहेत तिथलं पत्र चुकलं तर शेजारचा कुणीतरी ते ओळखतो आणि वाटेला लावतो. आमचं चुकलं तर ओळखणारा हजारो किलोमीटर लांब असतो. नीट ठरलेल्या पत्त्याची गरज आम्हालाच जास्त आहे. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश यांचंही तेच. आयएनडीआय की एएसआयए हे ठरवताना त्यांनाही कुणी विचारलेलं मला आढळलं नाही.

हे नुसतं छंदाचं दुखणं आहे असं कुणी म्हणू नये. २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. २७ ऑगस्ट २००३ ची चेंगराचेंगरी या शहराच्या मनातून गेलेली नाही. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं यावर आम्ही पूर मोजतो. २००८ आणि २०१६ चे पूर मी याच खोलीतून ऐकले आहेत. अशा दिवशी मोबाइलचं जाळं सगळ्यात आधी गुदमरतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला योगायोगानं हजर असलेल्या हॅमांनी काय काम केलं ते साऱ्या जगानं बघितलं. आवाजाच्या रेडिओवर तातडीचे निरोप जातात, पण शेकडो नावांच्या याद्या, 'सुखरूप आहे' असे निरोप, औषधांची नावं, हे सगळं लिहूनच पाठवावं लागतं, आणि तिथे पॅकेटसारखं दुसरं साधन नाही, कारण त्यात अक्षर चुकत नाही. एरवी आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिसऱ्या माणसाचा निरोप हॅमनं परदेशी पोचवायचा नसतो. आपत्तीत मात्र ती मुभा आहे. परदेशातून कुणाचा मुलगा आईची चौकशी करेल, आणि तो निरोप अक्षरा-अक्षरानं अचूक, पण भलत्या देशात पोचेल. त्या दिवशी आपण काय सांगणार? प्रत्येक सिसॉपनं आपल्यापुरतं बघितलं, असं?

म्हणून माझ्या मागण्या. त्या थोड्या आहेत आणि त्यातल्या एकीलाही पैसा लागत नाही.

खंडांची यादी एकच असावी, चार अक्षरीच असावी, आणि दोन अक्षरी खुणा कधी बंद होणार याची तारीख जाहीर व्हावी. त्या तारखेपर्यंत मेलबॉक्सांनी दोन्ही स्वीकारावं, पण स्वतःच्या 'आर' ओळीत नवीनच लिहावं. एक वर्ष पुष्कळ झालं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ही समान खुणांची यादी प्रोग्रामसोबतच द्यावी. प्रत्येक सिसॉपला ती हातानं भरायला लावू नये, कारण हातानं भरलेल्या दोन याद्या कधीच सारख्या निघत नाहीत.

भारतीय उपखंडाची खूण एएसआयए असावी आणि आयएनडीआय यादीतून काढावं. मी स्वतः अनेक वर्षं आयएनडीआय वापरलं, तरी हे म्हणतो. या खुणेच्या बाजूनं एक मुद्दा आहे, तो मी नाकारत नाही: खंडाचा खण हा भूगोलापेक्षा वाटेसाठी आहे, आणि युरोपातल्या एखाद्या मेलबॉक्सला भारताची वाट जपानच्या वाटेपेक्षा वेगळी ठेवायची असू शकते. पण ज्याला तो भेद करायचा आहे, त्याला डावीकडे आयएनडी दिसतंच की. ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी एएसआयए ही सगळ्यांच्या तक्त्यात असलेली खूण बरी. एएसआयए हे माझं स्वतःचं मत. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश आणि आपल्या देशातल्या इतर हॅमांनी वेगळं ठरवलं, तर मी त्याच दिवशी माझा पत्ता बदलेन. मात्र ठरवणारे ते असावेत, दुसऱ्या खंडातलं कुणी नव्हे.

देशाच्या डावीकडे काय लिहायचं, हा पूर्णपणे त्या देशाच्या हॅमांचा अधिकार असावा, आणि त्यांनी ते लिहून प्रसिद्ध करावं. हे आपल्याच लोकांना उद्देशून आहे. राज्यांची दोन अक्षरी खूण # लावून, एवढं आपल्याला पुरे आहे. कुणी मला म्हणालं, एमएच १५ लिहू या, नाशिकचा आरटीओ नंबर, सगळ्यांना पाठ आहे. मलाही आवडलं असतं. पण जिल्ह्यागणिक मेलबॉक्स नाहीत, आणि खुणा जितक्या जास्त तितक्या चुका जास्त. राज्यंही बदलतात: उत्तरांचलचं यूए गेलं आणि उत्तराखंडचं यूके आलं, तेलंगणाचं टीएस जाऊन टीजी आलं. देशांचंही तसंच, ब्रह्मदेशाची बीयूआर ही खूण १९८९ मध्ये एमएमआर झाली. म्हणून यादीवर तारीख हवी आणि ती सांभाळणारं कुणीतरी हवं. राष्ट्रीय संघटनांनी आपापली यादी विभागाकडे द्यावी, जगातल्या हौशी रेडिओच्या तिन्ही विभागांनी मिळून ती एका ठिकाणी ठेवावी, वर्षातून एकदा तपासावी. १९२५ पासून आपली एक जागतिक संघटना आहे. एक पानाची यादी सांभाळणं तिला जड नाही.

वाटेतल्या कुणीही पत्ता बदलू नये. ही मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमचं टपाल पोस्टकार्डासारखं उघडं असतं, ते कुणीही वाचू शकतं आणि त्याला माझी हरकत नाही. नियमच तसा आहे. पण वाचणं वेगळं आणि पत्ता खोडणं वेगळं. कळत नसेल तर पत्र थांबवा. आणि थांबवलं तर पाठवणाऱ्याला सात दिवसांच्या आत मेलबॉक्सनं आपोआप कळवावं: तुमचं पत्र इथे अडलं आहे, पत्त्यातला अमुक शब्द आमच्या तक्त्यात नाही. एवढी एक ओळ त्या पोर्तुगालच्या आजोबांना मिळाली असती तर त्यांनी दुसऱ्या वाटेनं पाठवलं असतं. आज तसा निरोप जातो की नाही हे सिसॉपच्या मर्जीवर आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये सुरूच असावा आणि बंद करायची सोय नसावी.

उत्तराची अपेक्षा मला आहे. होकार असो वा नकार, पण कारणासकट, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

माझ्याकडून जे होण्यासारखं होतं ते मी केलं आहे. माझ्या मेलबॉक्सचा पत्ता आता #एमएच.आयएनडी.एएसआयए आहे. जुन्या दोन्ही पत्त्यांवर आलेली पत्रंही तो घेतो. तक्त्यात नसलेल्या शब्दाचं पत्र आलं तर तो त्याच रात्री पाठवणाऱ्याला निरोप लिहितो. गेल्या चार महिन्यांत असे नऊ निरोप गेले, त्यातल्या सहांची पत्रं पत्ता सुधारून पुन्हा आली. माझा तक्ता ज्या सिसॉपला हवा असेल त्यानं मागावा, मी लगेच पाठवतो. त्या मुलीनं पोर्तुगालला दुसरं पत्र लिहिलं आहे. ते काल रात्री पावणेबाराला माझ्याकडून पुढे गेलं.

७३, म्हणजे हॅमांच्या भाषेत शुभेच्छा,
नाशिकरोडचा एक सिसॉप